अक्कांचा शनिवारचा तास

शनिवारी दुपारी डॉ. कमल निपाणीकर पांढरा कोट काढून ठेवत आणि कुणाची तरी आई होत. कधी बेंगळुरूच्या शिवाजीनगरातल्या रिक्षावाल्याची बायको, तर कधी खेड्यातून आलेली म्हातारी. आम्ही विद्यार्थ्यांनी समोर बसून त्यांना सांगायचं, की तुमचं माणूस गेलं. नव्वदच्या दशकात आमच्या अभ्यासक्रमात असलं काही नव्हतं. बेंगळुरूतल्या आमच्या कॉलेजात हा तास त्यांनी हट्टाने सुरू केला. आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणायचो. इतर प्राध्यापक त्या तासाला ‘अक्कांचं नाटक’ म्हणत आणि हसत.

मी नागपूरची, जिभेने फटकळ. तरी पहिल्याच शनिवारी माझी बोबडी वळली. “आम्ही खूप प्रयत्न केले, पण...” एवढंच माझ्या तोंडून निघालं.

“बरं. मग आता कुठल्या वॉर्डात ठेवलंय पोराला?” आई झालेल्या अक्कांनी विचारलं.

नंतर त्यांनी मला जवळ बसवून घेतलं. मूळच्या बेळगावच्या त्या, बोलण्यात कानडी शब्द सहज यायचे. “अर्धवट बोलू नकोस बघ. गेला म्हण. आणि ते विचारतील त्याचं खरं उत्तर दे. खोटं बोलून तू सुटशील, ते आयुष्यभर अडकतील. सरी? कळलं?”

वर्षभराने मी आमच्याच कॉलेजच्या रुग्णालयात, तातडीच्या विभागात इंटर्न होते. अक्कांचे यजमान, आमचे काका, दर शनिवारी त्यांना न्यायला येत. एका शनिवारी ते फाटकापाशीच कोसळले. आत आणलं तेव्हा शुद्धीवर होते. “कमल आली का? बोलवा तिला,” एवढंच म्हणाले. मी शिपायाला पळवलं. त्याने बंद दार वाजवलं, तर आतून अक्कांचाच आवाज आला, “स्वल्प थांबा, तास चाललाय.” अक्कांचे यजमान अत्यवस्थ आहेत, हे दाराबाहेरून ओरडून सांगायला त्या बिचाऱ्याची जीभ रेटेना. तो थांबला.

अक्का आल्या तेव्हा काका गेले होते. सांगायचं माझ्याच वाट्याला आलं. मी त्यांना बसवलं, शेजारी बसले आणि म्हणाले, “अक्का, काका गेले.”

त्या म्हणाल्या, “मला विचारत होते?”

नाही म्हणावं, असं अगदी मनापासून वाटलं. पण समोर अक्का होत्या. “हो. ‘कमल आली का? बोलवा तिला,’ म्हणाले.”

“खरं सांगितलंस, बरं केलंस,” त्या म्हणाल्या. “पण मला सोसत नाही गं हे.”

त्यानंतर अक्कांनी तो तास घेतला नाही. पुढे इतर कॉलेजांनी तसे तास सुरू केले, अक्कांना मानाने बोलावलं. त्या गेल्या नाहीत, आम्हा विद्यार्थ्यांना पाठवलं.

मी जे. पी. नगरला त्यांच्या घरी जात असे. चहा होई, इकडच्या तिकडच्या गप्पा होत आणि मी उठायच्या बेतात असताना त्या हळूच विचारत, “अजून काय म्हणाले होते गं ते?” मी तेवढंच सांगे. त्या मान हलवत आणि पुढच्या खेपेला पुन्हा विचारत. शेवटच्या आजारातही विचारलं. काहीतरी गोड भर घालावी, असं दर वेळी वाटे. पण मी चेहरा कितीही सरळ ठेवला असता, तरी अक्कांनी ते ओळखलं असतं आणि मग माझं एकही वाक्य त्यांना खरं वाटलं नसतं.