सरांचा सिद्धान्त आणि वडनेरचा धुरा

तीन मास्तर एका फळ्याभोवती बसले की गणित थोडं होतं, किस्से फार. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं तेव्हा मलकापूरच्या शाळेत आमची अशीच बैठक होती. गणिताचे वामनराव सर, ड्रॉइंगचे करीम मास्तर आणि खालच्या वर्गांना अंकगणित शिकवणारा मी.

सरांना एकच वेड, गणितातलं सातत्य. सातत्य म्हणजे जवळच्या बिंदूंनी जवळच जाऊन पडायचं. सर म्हणत, "सगळेच शेजारी कशाला? बिंदूच्या हव्या तितक्या जवळ एखादा सलग तुकडा त्याच्यासारखा वागला, तरी पुरे." याला आम्ही नाव ठेवलं, ढिलं सातत्य. त्यावरचा पेपर नागपुरात वाचायचा होता. तो पटला तर सरांना कॉलेजात जागा मिळणार होती.

*

एकदा सरांनी फळ्यावर मधेच तुटलेली रेघ काढली आणि पाणी प्यायला गेले. परत येऊन बघतात तो रेघ अखंड!

"कोणी जोडली?"

"मी," करीम मास्तर म्हणाले. "ड्रॉइंगच्या मास्तरासमोर तुटकी रेघ ठेवता का?"

"मास्तर, ती तोडायला मला तीन महिने लागले."

*

विचारांच्या नादात सर एकदा शेजारच्या घरात शिरले आणि पाटावर बसले. शेजारणीनेही मुकाट्याने वाढलं. अर्धी भाकरी संपल्यावर सरांच्या बायको दारात आल्या.

"काऊन हो, इथं जेवून राह्यले?"

सर म्हणाले, "चुकलो खरा, पण जवळच पडलो ना?"

*

नागपूरला जायच्या आदल्या रविवारी सरांनी आम्हा दोघांना घेऊन वडनेरला आपले स्नेही तुळशीराम पाटलांच्या ओसरीवर पेपर वाचून दाखवला. मुख्य सिद्धान्त असा की ढिल्या सातत्याच्या दोन गोष्टींची बेरीज केली, तर तीही तशीच निघते. पाटील सुपारी कातरत ऐकत होते. धुऱ्यावरून, म्हणजे दोन शेतांमधल्या हद्दीवरून, त्यांचं शेजारच्या गणपतशी अकरा वर्षं भांडण होतं. बोलणंसुद्धा बंद.

"सर, माह्या नकाशात धुरा माहा, अन् त्याले लागून वावर माहं. गणपतच्या नकाशात धुरा त्याचा, अन् लागून वावर त्याचं. दोन्ही नकाशे तुमच्या नियमात बसतात ना?"

"धुरा म्हणजे नुसती रेघ धरली, तर बसतात."

"मंग आता ठेवा एकावर एक, म्हंजे झाली बेरीज. वावरावर एकेकाचा हक्क, धुऱ्यावर दोघांचा. दोघांच्या हक्काचा सलग तुकडा धुऱ्याजवळ कुठं हाय, दाखवा."

सरांनी जमिनीवर खडूने दोन वावरं काढली. दोघांचा असा तुकडा कुठेच बसेना. मग पेपरचं पहिलं पान उलटं करून ठेवलं. वर्षभराची मेहनत होती ती. मला फार वाईट वाटलं. करीम मास्तरांनीही मान खाली घातली.

पाटलांनी अडकित्ता बाजूला ठेवला.

"सर, एवढ्यानं तुमचं काम अडत असन, तर धुरा मी गणपतले देऊन टाकतो."