मिस टॉलिव्हरचं पाळण्यातलं नाव

समारंभाच्या सकाळी डीन रॅनकिननं मोठ्या हौसेनं पाटीवरचा कपडा जरासा उचलून दाखवला आणि व्हर्डेलनं तो झटकन खाली ओढला. लॉ कॉलेजच्या नव्या ग्रंथालयाला टॉलिव्हर बाईंचं नाव देणार, हे तिला ठाऊक होतं. पण पितळी अक्षरांत लिहिलं होतं: मोझेल टॉलिव्हर.

"बाईंच्या गावच्या चुलतभावाकडून काढलं," डीन म्हणाला. "त्यांना कळू देऊ नका हं, मिस व्हर्डेल. गंमत आहे."

कसली डोंबलाची गंमत. उभ्या अलाबामात बाई एम. सी. टॉलिव्हर म्हणूनच ओळखल्या जायच्या. त्या काळी कोर्टात गोऱ्या बाईला मिस नाहीतर मिसेस. आमच्या काळ्या बायकांना मात्र नुसत्या नावानं हाक, मग ती शिक्षिका का असेना. म्हणून आईनंच लेकीचं नाव दोन अक्षरांमागे दडवलं. नावच माहीत नाही म्हटल्यावर न्यायाधीश झक मारत 'मिस टॉलिव्हर' म्हणायचा. पुढे आमच्या प्रत्येक साक्षीदाराला तो मान मिळावा म्हणून बाईंनी खटले लढवले, ग्रंथ लिहिले, इथे शिकवलं. गाव सोडल्यावर खरं नाव त्यांनी एकाच माणसाला सांगितलं होतं. त्यांचं सगळं टायपिंग करणाऱ्या व्हर्डेलला.

"मीच फोडलं असं वाटणार त्यांना. पाटी बदला."

"आता? पाहुणे येऊन बसलेत."

पहिल्या रांगेत बाईंच्या शेजारी बसून व्हर्डेल हातरुमाल पिळत राहिली. आयुष्यभराचा विश्वास असा एका कपड्याखाली झाकून ठेवलेला. तिनं कानाशी लागून सांगायचा प्रयत्न केला, पण बाईंना ऐकू कमी.

"गप्प बस गं, गाणं चाललंय."

गाणं संपलं. कपडा सरकला. डीननं वाचायला सुरुवात केली, "मोझेल..."

"मिस," व्हर्डेल उभी राहून म्हणाली. सभागृहात तिनं कधी तोंड उघडलं नव्हतं, पण आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

डीन ओशाळला. "मिस मोझेल टॉलिव्हर."

बाई पाटीकडे बघतच राहिल्या. मग वळल्या. "तू सांगितलंस?"

"नाही हो. आईशप्पथ नाही."

"मग उभी कशाला? बस खाली." त्यांनी व्हर्डेलचा हात हातात घेतला. "आई गेल्यापासून या नावानं कुणी हाक मारली नाही गं. तू मार एकदा. मिस न लावता."

व्हर्डेलनं तोंड उघडलं. "मिस..." एवढंच आलं, आणि पुढे तिला रडू आवरेना.