साहेबांना खड्डा लागलाच नाय

आमच्या गावाला रस्ता का नाय, असं कोणी विचारलं ना, की सगळी माणसं माझ्याकडं बघतात. तोंडानं काय बोलत नाय, नुसतं बघतात. पाच-सहा वर्षं झाली त्या गोष्टीला, तरी बघतात. मग म्हटलं, दुसऱ्या कोणी तिखटमीठ लावून सांगण्यापेक्षा आपला गाढवपणा आपणच सांगून टाकावा. च्या घ्या. आणि मधे मधे हसू नका, शेवटी काय ते एकदम हसा.

आमचं गाव मुरबाड-माळशेजच्या मोठ्या रस्त्यावर नाय. वैशाखऱ्याच्या अलीकडं फाट्यावर उतरायचं आणि तिथून दोन मैल आत यायचं. हे दोन मैल म्हणजे आमचा रस्ता. रस्ता म्हणायचं आपलं, म्हणायला काय जातंय? पावसात त्यात भात लावलं असतं तर पीक आलं असतं. आणि दिवाळीनंतर चिखल सुकला, की चाकोऱ्या अशा टणक व्हायच्या की कुदळ मारली तर कुदळ परत यायची.

खड्ड्यांना नावं होती, खोटं नाय सांगत! फाट्यावरून पहिला लागायचा तो रॉकेलचा खड्डा. तिथं दुकानदाराचे दोन डबे सांडले आणि अख्ख्या गावानं आठ दिवस अंधारात जेवण केलं. पुढं नवरदेवाचा खड्डा. मुंडावळ्या बांधलेला नवरदेव तिथं गाडीतून उडाला तो थेट करवंदीच्या जाळीत. मंगलाष्टकं चालू होती तरी मामा त्याचे काटेच काढत होता. आणि गावाच्या तोंडाशी, ओहोळाच्या उतारावर, सगळ्यांचा बाप. बाळंतिणीचा खड्डा! तिथं काय झालं ते तुमी ओळखलंच असेल. पोरगा खणखणीत निघाला. बारशाला नाव चांगलं देवाचं ठेवलं, पण गाव त्याला अजून खड्ड्याच म्हणतं.

आता या रस्त्याचा सगळ्यात जास्त वैताग कोणाला? मला! गावात गाड्या चार-पाच, पण धड बैलजोडी माझी. खैऱ्या आणि चांद्या. कोणाचं पोट दुखलं, बोलवा गणपतला. कोणाचे दिवस भरले, बोलवा गणपतला. विंचू चावला, सासू रुसली, जावई आला, गणपत, गाडी जुंप! शेतातून येऊन पाय पसरावे, की दारात कोणीतरी उभंच. नाय म्हणायची सोय नाय. पस्तिशीत माझी कंबर साठीची झाली होती. माझी बायको चांगुणा रोज तेल चोळायची आणि रोज तेच सांगायची, "रस्ता झाला की यष्टी येल. यष्टी आली की तुमी सुटलात."

मला बाकी काय नको होतं हो. मला फक्त सुटायचं होतं.

तेव्हा पंचायत समित्या नुकत्याच सुरू झाल्या होत्या. आमचे सरपंच पांडूतात्या अर्जावर अर्ज करीत होते. तिसऱ्या अर्जाला उत्तर आलं. गावरस्त्यांच्या दुरुस्तीला निधी आलाय, पण आमच्या बाजूला एकाच रस्त्याला पुरेल एवढा. अर्ज दोन, आमचा आणि शेजारच्या बोरपाड्याचा. ओव्हरसियर साहेब येणार, दोन्ही रस्ते स्वतः फिरून बघणार, आणि ज्याचा रस्ता जास्त वाईट त्याला मंजुरी देणार.

जास्त वाईट! तात्यांनी देवळात सभा बोलावली आणि मांडीवर थाप मारली. "यात आपल्याला कोण हरवतंय रे? देवानं आपल्याला दुसरं दिलंय काय?"

मग ठरलं. साहेब सकाळी बोरपाडा बघतील, तिथली गाडी त्यांना आमच्या फाट्यावर सोडील, आणि फाट्यावरून आणायचं मी.

तात्या म्हणाले, "गणपत, नीट ऐक. एक खड्डा चुकवायचा नाय. रॉकेल, नवरदेव, बाळंतीण, तिन्हीत घाल. साहेबाची हाडं वाजली पायजेत. वाजली तर रस्ता!"

"तात्या, काळजीच सोडा!"

तेवढ्यात बायांच्या बाजूनं भागीबाय उठली. एकुलत्या मुलाच्या जिवावर घर चालवणारी म्हातारी, सहसा सभेत बोलत नाय. म्हणाली, "गणपत, माझ्या सुनंला सहावा लागलाय. पहिलटकरीण हाय, पोर नाजूक हाय. शिमग्याच्या टायमाला भरंल. तवर रस्ता होऊ दे रे बाबा."

मी छातीवर हात मारला. "भागीबाय, खड्डा काय असतो ते साहेबाला जन्मभर आठवेल!"

हसू नका म्हटलंय ना?

तो दिवस उजाडला. मी बैल ओढ्यावर नेऊन धुतले. शिंगांना तेल लावलं, गळ्यात घुंगरं बांधली. मग चाकांना वंगण घालायला बसलो. चांगुणा दारातून बघत होती.

"अवो, साहेबाला हाल दाखवायचेत ना? मग वंगण कशाला?"

"गो, पाहुणा माणूस. करकरत गाडी गेली तर माझी अब्रू काय राहील?"

मग पेंढा घातला. भात झोडून झालं होतं, पेंढा नवा, मऊ. दोन भारे घातले. थोडा वाटला. अजून दोन घातले. वर गोधडी, तिच्यावर चांगुणाच्या माहेरची दुसरी गोधडी. मागं टेकायला पेंढ्याची चांगली उंच भिंत केली.

चांगुणा म्हणाली, "रस्ता दाखवताय का साहेबाला बाळंतपणाला नेताय?"

"तू गप बस गो! खड्ड्यात तर घालायचंच आहे. हाडं वाजू देत, मोडायला नकोत." बायकांचं ऐकायचं नाय, ही एक खोड होती मला तेव्हा. आता मोडलीय.

फाट्यावर गेलो तर साहेब दगडावर बसलेले. किडकिडीत, चष्मेवाले, दोन्ही हातांनी कंबर धरलेली. बोरपाड्याच्या गाडीवानानं आपलं काम चोख केलं होतं. साहेब कण्हतच माझ्या गाडीत चढले. "अहो, जरा बेतानं हं. त्या माणसानं मला नुसतं दळून काढलं. दिवाळीपासून मी रस्तेच बघतोय. सरळ बसवत नाही की झोपवत नाही."

कंबरदुखी काय असते ते मला विचारा! पण मन घट्ट केलं आणि गाडी हाकली.

रॉकेलचा खड्डा आला. मी कासरा सरळ खड्ड्यावर धरला. खैऱ्या थांबला. खड्डा हुंगला. मग मान वळवून माझ्याकडं बघितलं, मालक शुद्धीवर आहे ना म्हणून! दहा वर्षं मीच त्यांना शिकवलं होतं ना, खड्डा दिसला की कडेनं जायचं. आता एका दिवसात त्यांना उलटं कसं शिकवायचं? मी डावीकडं ओढतोय, ते उजवीकडं. शेवटी ते जिंकले. चाक काठाकाठानं अलगद निघून गेलं.

"साहेब, खड्डा! मोठा खड्डा होता बघा मागं!"

साहेबांनी मागं बघितलं. मागं पेंढ्याची भिंत. "कुठं हो? मला तर काही जाणवलं नाही."

नवरदेवाच्या खड्ड्याला मी खालीच उतरलो. जू धरून दोघांना खड्ड्याकडं खेचायला लागलो. चांद्या असा अडून बसला की विचारू नका! मी खेचतोय, घाम गळतोय, आणि गाडी हळूहळू, डुलत डुलत, खड्ड्याच्या पलीकडं.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "नाव काय तुमचं?"

"गणपत."

"गणपतराव, माझ्यासाठी तुम्ही स्वतः उतरून गाडी पार केलीत? अहो, तालुक्यातल्या इतक्या गाड्यांत बसलो, पण असा हात पाहिला नाही. पोटातलं पाणी हललं नाही माझ्या!"

गणपतराव! आता काय लपवायचं तुमच्यापासून? अंगावर काटा आला माझ्या. दहा वर्षं अख्ख्या गावाला वाहिलं मी. आजारी वाहिले, बाळंतिणी वाहिल्या, नवरे वाहिले. उतरल्यावर कोणी म्हटलं का कधी, गणपत, गाडी चांगली हाकलीस? उलट, "केवढा धक्का दिलास रे!" हाका सगळ्यांनी मारल्या, शाबासकी कोणी नाय दिली. आणि हा कोण कुठला साहेब, कण्हतोय, तरी मला राव म्हणतोय. डोळ्यांत पाणी आलं, खरंच सांगतो.

मग आला ओहोळाचा उतार. बाळंतिणीचा खड्डा! पलीकडच्या काठावर सगळा गाव उभा. पुढं तात्या, हातात झेंडूचा हार. बाजूला भागीबाय, पदर सावरून, हात जोडून. आणि गंमत बघा, उतारावर गाडीचा रेटा बसला, बैलांचं काय चालेना, गाडी नीट खड्ड्याच्या रोखानं निघाली. मला काय सुद्धा करायचं नव्हतं. नुसतं बसून राहायचं. एक दणका, की रस्ता आमचा!

मी मागं वळून बघितलं. साहेबांना झोप लागली होती. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, तोंड उघडं, मान गोधडीत रुतलेली. दिवाळीनंतर पहिल्यांदा झोपला असेल बिचारा.

आणि माझ्या हातांनी कासरा ओढला.

असा ओढला, असा ओढला, की खैऱ्या मागच्या पायांवर बसायला आला. गाडी तिरकी झाली, एक चाक खड्ड्याच्या काठावरून फिरलं, दुसरं दगडावरून उतरलं, आणि ओहोळातून गाडी वर आली ती अशी, की भरलेला तांब्या ठेवला असता तरी थेंब सांडला नसता. उभ्या जन्मात तशी गाडी मी हाकली नव्हती! मी मान वर करून गावाकडं बघितलं. वाटलं, आता टाळ्या पडणार.

तात्यांच्या हातातला हार तसाच लोंबत होता. भागीबायनं जोडलेले हात खाली घेतले.

साहेब जागे झाले, आळस दिला. "आलं का गाव? इतक्यात?"

तात्या खमके माणूस. म्हणाले, अजून वेळ गेली नाय. परतीच्या वाटेला साहेबांना हरीच्या गाडीत बसवलं. हरीची गाडी म्हणजे आख वाकडा, बैल एक उंच एक बुटका. हरीनं तिन्ही खड्ड्यांत घातली, वर एक कोणाच्या नावावर नसलेला चौथाही शोधून काढला. फाट्यावर साहेबांना दोघांनी धरून उतरवलं.

हरी हात जोडून म्हणाला, "बघितलात ना साहेब, काय रस्ता हाय तो?"

साहेब भडकले. "रस्त्याला नावं ठेवू नका! ह्याच रस्त्यानं मी मघाशी झोपून आलो. तुम्हाला गाडी हाकता येत नाही. त्या गणपतरावांकडून शिका!"

पंधरा दिवसांनी कागद आला. गुरुजींनी तो देवळात मोठ्यानं वाचला. सदर रस्ता बैलगाडीच्या वाहतुकीस योग्य असून प्रवास सुखकर होतो. तपासणीच्या वेळी कोठेही धक्का जाणवला नाही. सबब दुरुस्तीची निकड दिसून येत नाही. खाली सही, सहीवर गोल शिक्का.

मीच म्हटलं, "तात्या, बैलांनी घात केला."

तात्या शांतपणे म्हणाले, "कासरा बैलांच्या हातात होता काय रे?"

शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. मी खाली मान घालून घरी आलो. त्या दिवशी चांगुणानं तेल चोळलं, पण नेहमीचं ते वाक्य काय बोलली नाय.

बोरपाड्याचा रस्ता शिमग्याच्या आत झाला. मुरूम पडला, दगडी रूळ फिरला, यष्टी पण चालू झाली. आमच्या बांधावरून तिचा धुरळा दिसायचा. मी तिकडं पाठ करून काम करायचो.

आणि शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी भागीबाय दारात. सुनेच्या पोटात दुखायला लागलेलं. मी तिच्या तोंडाकडं बघू शकलो नाय. म्हटलं, "भागीबाय, चुकलो मी. तुझ्या सुनेसाठी रस्ता व्हायचा होता, तो मी घालवला. मला लाज वाटते. तू दुसऱ्या कोणाची गाडी बघ, मी सांगतो त्याला."

म्हातारी रागावली नाय, की रडली नाय.

"दुसऱ्याची कशाला रे? तुझ्याच गाडीत नेणार मी तिला. धक्का लागत नाय म्हणून सरकारनं शिक्का मारून दिलाय तुला! फकस्त पेंढा साहेबाला घातलास तेवढा घाल."

उठलो आणि गाडी जुंपली.