सोनं रोळलं
आज तांदूळ रोळताना पातेल्याच्या तळाशी खडे खुळखुळले आणि ती जुनी सोन्याची खाण आठवली. क्रूझ बंदराला लागल्यावर मेंढ्या चरणाऱ्या हिरव्यागार टेकड्यांमधून बसने आम्हाला तिथे नेलं होतं. ओढ्याच्या बर्फगार पाण्यात थाळीभर वाळू धुऊन सोनं शोधायचं होतं. ह्यांच्या थाळीतलं सगळंच वाहून गेलं, तरी मलाच म्हणाले, "तुला नाही जमायचं." मी म्हटलं, "अहो, सरका!" आणि वाळू तांदळासारखी गोल गोल रोळली. वाळू पाण्याबरोबर गेली, तळाशी पिवळा कण चमकला. गाईडने विचारलं, "कुठे शिकलात?" मी तोंड उघडण्याआधी हेच ओरडले, "नाशिकला, आमच्या स्वयंपाकघरात!" अजूनही मी खडे फेकायला निघाले, की हे हळूच येऊन पातेल्याचा तळ बघून जातात.