सातव्या फोटोत नसलेली बाई

गल्लीत त्यांना पट्टीमास्तर म्हणत. कधी शाळेत शिकवलं होतं म्हणून नव्हे, त्यांचे फोटो पट्टीसारखे लांबलचक असत म्हणून. तीस वर्षं दुसऱ्याच्या स्टुडिओत लोकांच्या हनुवट्या वरखाली करण्यात गेली. स्टुडिओ बंद पडला तसे मास्तर आपल्या गच्चीवर चढले ते चढलेच. स्टँडवर कॅमेरा बसवायचा, थोडा थोडा उजवीकडे वळवत बारा फोटो काढायचे, प्रत्येकात आधीच्याचा पाव हिस्सा पुन्हा घ्यायचा, आणि खाली येऊन कॉम्प्युटरवर बाराचा एक करायचा. लेक म्हणायची, बाबांनी उतारवयात गोधड्या शिवायला घेतल्या.

या शिवणीचा वैरी एकच, चालता माणूस. एका फोटोत तो असतो, पुढच्यात नसतो, आणि नेमक्या सांध्यावर त्याचं अर्धंच अंग उरतं. मास्तर त्याला भूत म्हणत. भूत दिसलं की पुसायचं, मागचा रस्ता किंवा भिंत जुळवून घ्यायची. त्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

बायको गेली दोन वर्षं विसरत चालली होती. आधी मिठाचा डबा, मग शेजारणीचं नाव, मग आपण जेवलो की नाही ते. दाराला बाहेरून कडी घातल्याशिवाय वर पाऊल ठेवायचं नाही, असं लेकीनं दहादा बजावलं होतं. पण त्या दिवशी सकाळी अकराला एका खांद्यावर स्टँड, दुसऱ्या हातात कॅमेरा. कडीला तिसरा हात कुठून आणणार? खाली आल्यावर ते जे कॉम्प्युटरला चिकटले ते चिकटलेच. ती आत पडली असेल, असं धरून चालले.

चार वाजता लेक कामावरून आली. आत गेली आणि तशीच बाहेर आली.

"बाबा, आई कुठाय?"

मग दोन तास नुसती धावाधाव. जिने, गच्ची, बाजार, दवाखाना, बसथांबा. लेक हाका मारून मारून घोगरी झाली. दुकानदार मान हलवत. खालची शिवणकाम करणारी बाई मशीन सोडून त्यांच्याबरोबर फिरू लागली. चौकीवरच्या हवालदाराने नाव-वय लिहून घेतलं आणि बाईंचा अलीकडचा फोटो मागितला.

मास्तरांनी पाकीट उघडलं, मोबाइल चाळला. लेकीच्या लग्नातला एक सापडला, अकरा वर्षांपूर्वीचा. त्यात बायको कुणाच्या तरी खांद्यामागे होती, एक कान आणि अंबाडा.

"धंदा काय म्हणालात तुमचा?" हवालदाराने विचारलं. खोचून नव्हे, रकाना भरायचा होता म्हणून. लेकीनंच सांगितलं, फोटोग्राफर.

घरी जाऊन शोधतो, मास्तर म्हणाले. कॉम्प्युटर चालूच होता. पडद्यावर सकाळची पट्टी, तयार, कुठे ओरखडा नाही. ती बघताना मास्तरांना आठवलं. आज सहाव्या-सातव्याच्या सांध्यावर त्यांनी एक भूत पुसलं होतं. समोरच्या गोदामाच्या कोपऱ्याशी, फिकट हिरवं काहीतरी. बाई की पुरुष तेही बघितलं नव्हतं. दोन मिनिटांत पत्र्याची भिंत जुळवून मोकळे झाले होते.

"आईनं आज काय नेसलं होतं?"

"हिरवी साडी. सकाळी मीच नेसवली."

पट्टी झाली की मास्तर सुटे फोटो टाकून देत, जागा अडते म्हणून. नशीब, कॉम्प्युटरमधला कचऱ्याचा डबा ओतायचा राहिला होता. त्यांनी सहावा उघडून मोठा केला. तीच होती. गोदामाच्या कोपऱ्याशी उभी, तोंड वर करून गच्चीकडे, थेट त्यांच्याकडे बघत होती. सातव्यात कोपरा तोच, भिंत तीच, ती नाही.

"म्हणजे पुढे गेली," लेक म्हणाली. "बसथांब्याकडेच गेली असणार. तिथून काय कुठलीही बस..."

मास्तर बोटं मोजत होते. दोन फोटोंत चार सेकंद जातात. गुडघे धरलेली बाई चार सेकंदांत जाऊन जाऊन जाणार किती? आठव्यात नाही, पाचव्यात नाही. रस्त्यावर असती तर कुठेतरी आली असती.

"गेली नाही ती," ते म्हणाले. "बाजूला झाली."

कॅमेरा बघून बाजूला झाली. चाळीस वर्षं त्यांनी तिला हेच तर शिकवलं होतं. सहलीला, बारशाला, स्वतःच्या घरात सुद्धा: अगं सरक, मध्ये येतेस. झालं म्हणेपर्यंत हलू नकोस. बाकी सगळं डोक्यातून गळून गेलं, हे तेवढं राहिलं.

गोदाम आणि शेजारची भिंत यांच्यामध्ये माणूसभर रुंदीची फट होती. तोंडाशी दुपारपासून कुणाचा तरी टेंपो लागलेला; येताजाता कुणाला दिसायचं कारण नव्हतं. लेक त्या टेंपोपाशीच उभी राहून दोनदा हाका मारून गेली होती.

ती आत होती. पाठ भिंतीला टेकलेली, ओठ सुकून पांढरे, पाय सुजलेले, साडी खाली ओली झालेली. सात तास. लेकीनं दंडाला धरून ओढलं तर तिनं झटका दिला आणि बोट ओठांवर ठेवलं.

"काखेत कळसा नि गावाला वळसा," शिवणवाली सुटकेनं बोलून गेली, आणि आतल्या बाईचे पाय दिसताच खुर्ची आणायला पळाली.

मास्तर अंग चोरून फटीत शिरले.

"झालं गं," ते म्हणाले. "झालं. ये."

तिनं श्वास सोडला आणि एक पाऊल टाकलं, पण गुडघे वाकेनात. ती त्यांच्या अंगावरच आली. शिवणवालीनं घरातून खुर्ची आणली. दोघा-चौघांनी तिला बसवून उचललं. रस्ता उघडा लागला तशी तिनं पदर ओढून चेहरा झाकून घेतला आणि शेजारून चालणाऱ्या मास्तरांना दबक्या आवाजात म्हणाली, "अहो, ते वर फोटो काढतायत. या लोकांना जरा कडेनं चला म्हणावं."