तिच्या तोंडात मी पाणी घातलं नाही

हे मी कुणालाच बोललेलो नाही. मुलाला नाही, लेकीला नाही. देवाला तर नाहीच — त्याला ठाऊक असेल तर असू दे.

आम्ही नवरा-बायकोनं मिळून शेवटचं काय केलं, तर उकडलेल्या शेंगा खाल्ल्या. लाओस देशात सवन्नखेत म्हणून गाव आहे, मेकाँग नदीच्या काठाला. समोरच्या काठाला थायलंड. तिथं एका साखर कारखान्यावर माझा जावई केमिस्ट होता. आम्ही म्हातारा-म्हातारी इथं आयर्लंडात, कॉर्कला, मुलाकडं राहायचो. त्या हिवाळ्यात लेकीकडं गेलो. गाळप जोरात, जावयाला रजा नाही, लेकीचं बाळ तान्हं. मग त्यांनी आम्हा दोघांनाच सवन्नखेतच्या नावेत बसवून दिलं — एक रात्र राहा, गाव बघून या. नदीवरचा पूल तेव्हा व्हायचा होता, नुसते खांब पाण्यात उभे.

गाव कसलं, पेंगुळलेलं. फ्रेंचांच्या वेळची पिवळी घरं, रंगाचे पोपडे सुटलेले. कुत्री भर रस्त्यात झोपलेली. गाडी आली तर गाडीनं वळसा घालायचा. मला ते गाव फार आवडलं. आजही आवडतं, आणि ते मी लपवणार नाही. संध्याकाळी नदीकाठी एक बाई शेंगा विकत बसली होती. आमची ही सोलायची आणि दाणे माझ्या तळहातावर ठेवायची. जन्मभर बॉयलरवर काम केलेला माणूस मी, नखं कुठली धड राहायला?

"आपल्या गावासारख्याच लागतात की," ती म्हणाली.

"मीठ कमी आहे," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी ती गेली. गेस्ट हाउसच्या खोलीत, पलंगावर.

आता घरात काय सांगितलं जातं ते ऐका. म्हणजे मीच सांगितलं होतं ते. की ती माझ्या मांडीवर गेली. तिच्या पिशवीत गंगेची लोटी असायची — झाळून बंद केलेली, तांब्याची, काशीहून कुणी आणून दिलेली. त्या लोटीशिवाय ती बाहेरगावी पाऊल टाकायची नाही. तर मी ती लोटी फोडली, तिच्या तोंडात पाणी घातलं, तिनं घोट घेतला, माझ्याकडं बघितलं आणि डोळे मिटले. असं मी जावयाला सांगितलं, तो पहिल्या नावेनं आला तेव्हा. लेकीला सांगितलं. कॉर्कला फोनवर मुलाला सांगितलं. तो लहान पोरागत रडला आणि म्हणाला, "आण्णा, तुम्ही होता म्हणून बरं."

मी नव्हतो.

मी परत आलो तेव्हा ती गार पडली होती. लोटी मी फोडली, हे खरं. पाणी ओठांवर सोडलं, तेही खरं. पण तोंड मिटलेलं होतं. पाणी गालावरून उशीवर गेलं. उरलेलं मी न्हाणीत ओतलं. का? लोटी रिकामी दिसायला पाहिजे म्हणून. बायको समोर मरून पडलेली आणि माझं डोकं हा हिशेब करत होतं. कसला माणूस असेल हा, असं तुम्हाला वाटत असेल. असला असतो.

कॉर्कला आलो तर ही गोष्ट माझ्या आधी येऊन बसलेली. इथली मराठी पोरं सगळी कॉम्प्युटरवाली, शिकलेली. दिवाळीला हॉल घेऊन जमतात. त्यांच्या बायका माझ्या पाया पडू लागल्या. "मावशी भाग्यवान. सवाष्ण गेल्या, आणि नवऱ्याच्या हातचं पाणी मिळालं." मी मान हलवायचो. शेजारचा आयरिश म्हातारा दारात आला, माझा हात दोन्ही हातांत धरून उभा राहिला. त्या एकट्याशी मी खोटं बोललो नाही — त्याला मराठी येत नव्हतं, एवढंच कारण. सूनबाईनं स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये देव मांडलेत — कपाटाला इथं प्रेस म्हणतात — तिथं ती रिकामी लोटी ठेवली. रोज हळदीकुंकू लागतं तिला. मी ते रोज बघतो. नात विचारते, "आजोबा, यू ग्रँड?" म्हणजे इथं, बरे आहात ना. मी म्हणतो, ग्रँड.

असंच चाललं असतं. पण मध्यंतरी मुलाच्या एका मित्राची आई मलिंगार गावच्या दवाखान्यात शेवटच्या घटकेला आली. मुलगा मला गाडीत घालून घेऊन गेला. का, तर मला माहीत आहे कसं करायचं! त्या मित्राची बायको म्हणाली, "काका, तुम्हीच घाला. आमच्यानं नाही होत." नर्स पोरगी पडदा ओढून बाजूला उभी राहिली. मी चमच्यानं पाणी घातलं. आणि त्या बाईच्या गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. तिनं गिळलं.

तोवर मला माहीतच नव्हतं ते कसं दिसतं. आणि गिळताना बघितल्याचं मी इतकी वर्षं रंगवून सांगत होतो.

परत येताना मुलगा म्हणाला, "आण्णा, आईची आठवण आली ना?" मी खिडकीबाहेर बघत राहिलो. तिथं सांगता आलं असतं. नाही सांगितलं.

म्हणून आता लिहितो. शाळा चौथीपर्यंत, अक्षर वाकडं, पण जे आहे ते आहे. मुलगा वाचेल. वाचून मला घरात ठेवायचं का नाही, ते त्याचं त्यानं बघावं. मी हातापाया पडणार नाही. कुणी मला म्हणू नये की जाऊ द्या काका, म्हातारपणी मनाला लावून घेऊ नका. का नाही लावून घ्यायचं? माझं मन आहे, माझी बायको होती. तिथला डॉक्टर जावयाला म्हणाला, दवाखान्यात आणलं असतं तरी काही करता आलं नसतं. बरं मग? तिला मी काय डॉक्टर म्हणून पाहिजे होतो?

पण पाणी, लोटी, खोटं — हे सगळं नंतरचं. त्याच्या आड मी जे ठेवलंय ते सकाळचं आहे.

सकाळी ती उठली नाही. छातीवर हात ठेवून पडली होती. कपाळावर घाम होता. मला दिसला. दिसला नाही असं मी म्हणणार नाही.

"आवं, बसा की जरा," ती म्हणाली. "आज नको जायला."

मी म्हणालो, "तुझं नेहमीचंच. कॉर्कला पोट, लेकीकडं पाय, इथं आता छाती. जन्मभर बॉयलरचं तोंड बघितलंय मी. एक दिवस गाव बघू दे."

ती भिंतीकडं वळली. मी दार ओढून घेतलं, जरा जोरातच.

बाहेर छान ऊन होतं. चौकातलं चर्च बघितलं. एका देवळात गेलो, भगव्या कपड्यातले भिक्षू झाडलोट करत होते, त्यांच्याशी हात जोडून हसलो. मग एक लहानसं म्युझियम लागलं — जमिनीतून निघालेली, दगड झालेली जनावरांची हाडं. बघायला मी एकटाच. तिथला माणूस खूश झाला. त्यानं माझा हात धरून एका मांडीच्या हाडावर ठेवला. माझ्यापेक्षा लांब होतं ते हाड. गार होतं. तो हातवारे करून जनावर कसं चालायचं ते दाखवू लागला, आणि मी हसलो — पोट धरून हसलो. मध्येच तिचा घाम आठवला. आठवला नाही असं नाही. म्युझियमचं दार उघडंच होतं, गेस्ट हाउस हाकेच्या अंतरावर होतं.

मी त्या माणसाला खूण केली — अजून दाखव.