सरांनी 'अजून समजलं नाही' लिहिलेली पानं

मित्रांनो, आज दुपारी अमरावतीत सरांच्या घरी जाऊन आलो, तेव्हापासून डोक्यात एकच विषय आहे.

सर आमचे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. मागच्या वर्षी गेले. बौद्ध तर्कशास्त्रावरचा एक अवघड ग्रंथ त्यांनी आयुष्यभर शिकवला. पेन्सिलीच्या टिपणांनी समास भरलेली त्यांची प्रत कॉलेजच्या लायब्ररीसाठी मागायला गेलो, तर काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, खोडरबर घेऊन बसलेल्या.

"लायब्ररीले लिहिलेलं पुस्तक कसं द्याव? म्हणून साफ करून राहिली मी."

मी कपाळाला हात लावला. आम्हाला ते लिहिलेलंच तर हवं होतं. बहुतेक समास कोरे झाले होते. काही पानांवर मात्र सरांचं अक्षर शाबूत होतं: 'अजून समजलं नाही.'

"हे काहून ठेवलं, काकू?"

"ते काम बाकी आहे न त्याईचं. ते कसं खोडू?"

पुस्तक घेऊन घरी आलो आणि न खोडलेल्या पानांतलं पहिलंच वाचलं. याच भागावर बी.ए.ला प्रश्न होता. मी न अडखळता चार पानं उत्तर लिहिलं होतं, आणि सरांनी मला वर्गात सगळ्यात जास्त मार्क दिले होते.

ते तपासताना सरांना काय वाटलं असेल, सांगा बरं.